'मूकाभिनय' : संज्ञेची व्याप्ती आणि मर्यादा

१

मराठी नाट्यविचारात 'मूकाभिनय' ही संज्ञा इतकी रुळलेली आहे की, तिची फोड करून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मार्सेल मार्सोचे एकपात्री प्रयोग, कथकळीतील नटाचे हस्तमुद्रांनी चालणारे कथन, संवाद नसलेली एकांकिका, मूकपटातील नटाचे काम, विद्यापीठांच्या युवक महोत्सवांतील सांघिक आविष्कार आणि बोलत्या नाटकातला एखादा अबोल प्रसंग या सर्वांना हे एकच नाव दिले जाते. या आविष्कारांत समान काय आहे, असा प्रश्न केला तर उत्तर एकच येते : नट बोलत नाही. म्हणजे ही संज्ञा नट काय करतो हे सांगत नाही. तो काय करत नाही एवढेच सांगते. अभावावर उभारलेल्या संज्ञेत जे जे बसते ते एकजातीय असेलच असे नाही. तरीही एका नावाखाली आल्यामुळे ते एकजातीय मानले जाते आणि समीक्षेचे निकषही मग एकच होतात.

हा समास सोडवून पाहिला तरी अडचण ध्यानात येते. 'मूक असा अभिनय' असा कर्मधारय मानला तर मूकपण हा अभिनयाचा गुण ठरतो. 'मूकाचा अभिनय' असा षष्ठी तत्पुरुष मानला तर दोन अर्थ संभवतात : जो मूक आहे त्याने केलेला अभिनय, किंवा मूक व्यक्तीची भूमिका वठवणारा अभिनय. व्यवहारात पहिला अर्थ रूढ आहे, हे खरे. पण दुसऱ्या अर्थाच्या छटा संज्ञेतून पूर्णपणे पुसल्या गेलेल्या नाहीत आणि समीक्षेतील पुष्कळसा गोंधळ या छटांतून निर्माण होतो. मूक कोण आहे : प्रयोग, नट की पात्र? ही तीन उत्तरे वेगळी आहेत, आणि संज्ञा मात्र त्यांच्यात भेद करीत नाही.

२

ज्या पाश्चात्त्य संज्ञेचा पर्याय म्हणून 'मूकाभिनय' हा शब्द योजला जातो, त्या 'माइम'च्या मुळाशी मूकपणाचा लवलेशही नाही. ग्रीक 'मिमोस' म्हणजे अनुकरण करणारा, तसेच त्याने केलेले अनुकरण. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात सिराक्यूजच्या सोफ्रॉनने लिहिलेले 'मिमोस' हे गद्य संवाद होते. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्राच्या आरंभी त्यांचा निर्देश सॉक्रेटीसच्या संवादांच्या जोडीने केला आहे. तिसऱ्या शतकातील हेरोदासने हाच प्रकार पद्यात हाताळला. रोमन 'मिमुस'देखील बोलका, बहुधा ग्राम्य आणि मुखवट्याविना होणारा खेळ होता. त्यात स्त्रियाही भूमिका करीत.

मूक होता तो 'पँटोमिमुस'. इसवी सनापूर्वी २२ मध्ये पिलादेस आणि बाथिलुस या दोघांनी रोममध्ये हा प्रकार प्रतिष्ठित केला, अशी परंपरा आहे. एकच नर्तक ओठ मिटलेला मुखवटा धारण करून आख्यानातील सर्व भूमिका क्रमाने करीत असे. तथापि त्याच्या भोवती शब्द नव्हते असे नाही. ते आख्यान वृंद गात असे. दुसऱ्या शतकातील ल्यूशियनने नृत्यावरील आपल्या संवादात एक कथा दिली आहे. नर्तकाचे काम म्हणजे वाद्यांचे नुसते शेपूट, असा आक्षेप देमेत्रिउस या सिनिक पंथीय तत्त्वज्ञाने घेतला. तेव्हा नर्तकाने वाद्ये आणि गायन थांबवून केवळ देहाने एक संपूर्ण आख्यान सादर केले आणि आक्षेपकाला आपले मत बदलावे लागले. या कथेतील गमक असे की, शब्द काढून घेणे हा त्या कलेचा नित्य नियम नव्हता. ती तिची एका प्रसंगी घेतलेली परीक्षा होती.

पुढे युरोपीय भाषांत या दोन्ही शब्दांचे अर्थ जवळजवळ उलटले. बोलणाऱ्या 'मिमोस'चे नाव अबोल कलेला मिळाले, तर इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास होणारा 'पँटोमाइम' हा गाणी, विनोद आणि प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी गजबजलेला खेळ झाला. आपल्याकडील युवक महोत्सवांच्या नाट्यविभागात 'माइम' आणि 'मिमिक्री' म्हणजे मूकाभिनय आणि नकला हे प्रकार शेजारी शेजारी नांदतात. एकात आवाज वर्ज्य, दुसऱ्यात आवाज हेच सर्वस्व. आणि दोन्ही शब्द मात्र एकाच ग्रीक धातूचे. अनुकरण हे मूळ कार्य आहे आणि वाणीचे असणे-नसणे हा त्याचा उपभेद आहे, ही गोष्ट या शेजारातून स्पष्ट व्हावी. मराठी पर्यायात मात्र उपभेदालाच संज्ञेचे अग्रस्थान मिळाले आहे.

३

संस्कृत नाट्यशास्त्राकडे वळले तर तेथेही अभावावरून केलेले नामकरण आढळत नाही. 'अभिनय' या शब्दातच प्रयोगाचा अर्थ प्रेक्षकाभिमुख नेण्याची क्रिया अभिप्रेत आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे तिचे चार प्रकार साधनांवरून पाडलेले आहेत. भरताने वाणीला नाट्याचे शरीर मानले आहे आणि अंग, नेपथ्य व सत्त्व यांच्याकडे वाक्यार्थ व्यक्त करण्याचे काम सोपवले आहे. म्हणजे आंगिक हा वाचिकाचा प्रतिस्पर्धी नाही, तसा त्याचा अभावही नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा संस्कृत नाटकांच्या रंगसूचनांत आहे. 'अभिज्ञानशाकुन्तल'च्या पहिल्या अंकात रंगमंचावर ना रथ असतो, ना भ्रमर. रथाचा वेग नट आपल्या देहाने उभा करतो. भ्रमराचा त्रास शकुंतलेचे काम करणारी नटी हालचालींनी दाखवते. आजच्या परिभाषेत हा निखळ 'माइम' आहे : अनुपस्थित वस्तू देहाच्या प्रतिसादातून उपस्थित करणे. अशा ठिकाणी रंगसूचनांत 'नाट्येन', 'रूपयति', 'निरूपयति' असे शब्द येतात. नट रूप देतो, एवढेच हे शब्द सांगतात. तो त्या वेळी बोलतो की नाही, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. बहुधा तो बोलतही असतो; वेगाचे वर्णन करणारा श्लोक आणि वेग दाखवणारा देह हे एकाच वेळी कार्य करतात.

यांपैकी 'निरूपण' या शब्दाचा मराठीतील प्रवास उद्बोधक आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा जे करतात ते निरूपण, आणि ते वाणीचे कार्य होय. देहाने रूप देण्याची क्रिया सुचवू शकणारा शब्द मराठीत वाणीच्या स्वाधीन झाला आणि देहासाठी 'मूक' हे नकारात्मक विशेषण उरले. प्रशंसेची भाषाही याला अपवाद नाही. 'बोलके डोळे', 'बोलका चेहरा', 'शब्दांविना बरेच काही बोलून जाणारा अभिनय' ही समीक्षेतील नित्याची वचने देहाच्या कर्तृत्वाचे मोजमाप वाणीच्याच मापाने करतात. दोष द्यायचा तर तो मुका, गौरव करायचा तर तो बोलका. देहाला स्वतःची अशी क्रिया या शब्दसंग्रहात मिळतच नाही.

४

'मूक' या विशेषणाची मराठीतील जडणघडण पाहिली तर प्रश्नाला आणखी एक बाजू असल्याचे दिसते. 'मौन' हा शब्द 'मुनी'पासून आला आहे. ते धारण करायचे असते, पाळायचे असते आणि इच्छेनुसार सोडायचे असते. मौनाला कर्ता असतो. 'मूक' आणि 'मुका' यांच्या परिवारातील शब्द पाहावेत : मुकी जनावरे, मुकाट्याने सोसणे, मुका मार. जखम दिसत नाही पण आत ठणका असतो, अशा माराला मराठीने 'मुका' म्हटले आहे. या शब्दांत निवड नाही, लादलेपण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले, तेव्हा ज्यांची वाणी समाजव्यवस्थेने हिरावून घेतली आहे असे लोक हा अर्थ त्या विशेषणात पूर्णपणे जागा झाला होता. उलट, २०१६ मध्ये महाराष्ट्रात निघालेल्या मराठा मूक मोर्चांत मूकपण हे जाणीवपूर्वक स्वीकारलेले साधन होते. तेथे 'मूक' हा शब्द 'मौना'च्या अर्थाकडे झुकला. विशेषण एकच, परंतु ते लादलेले की निवडलेले यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो.

पाश्चात्त्य मूकाभिनयाच्या इतिहासातही हाच भेद निर्णायक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या जत्रांतील नाटकमंडळ्यांना राजमान्य नाट्यसंस्थांच्या मक्तेदारीमुळे संवाद म्हणण्यास मनाई झाली. त्यावर त्यांनी ओळी लिहिलेले फलक धरण्याची युक्ती काढली. नट मूक राही, फलकावरची पदे प्रेक्षक गात आणि कायद्याचा भंग होत नसे. एकोणिसाव्या शतकात फ्यूनांब्यूल या छोट्या रंगगृहावरही परवान्याची अशीच बंधने होती. तेथे जाँ-गास्पार दब्युरो (१७९६–१८४६) याने पांढऱ्या चेहऱ्याचा, अबोल पिएरो घडवला. १८३०च्या क्रांतीनंतर निर्बंध सैल झाले, तरी पिएरो बोलू लागला नाही. या क्षणी मूकपणाचे मौनात रूपांतर झाले, असे म्हणता येईल. जे बंधन होते तेच शैली झाले.

विसाव्या शतकात एतिएन दक्रू (१८९८–१९९१) याने या शैलीला शास्त्राचे रूप दिले. शब्दांची जागा हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्याने भरून काढणारा जुना पँटोमाइम त्याला मान्य नव्हता. म्हणून त्याने चेहरा व हात यांचे प्रभुत्व कमी करून धडाला केंद्रस्थान दिले आणि आपल्या कलेला 'देहमाइम' अशा अर्थाचे नाव दिले. या नावात अभावाचा उल्लेख नाही, हे विशेष. न बोललेल्या वाक्याचे भाषांतर करणारा देह आणि स्वतःच विचार करणारा देह, असा भेद दक्रूला करायचा होता. 'मूकाभिनय' ही संज्ञा नेमका हा भेद झाकते, कारण दोन्ही ठिकाणी नट सारखाच अबोल असतो.

५

या विवेचनावरून दोन पातळ्या वेगळ्या करणे आवश्यक ठरते : प्रयोगाची पातळी आणि कथावस्तूची पातळी. प्रयोगात नट बोलतो की नाही, हा एक प्रश्न; कथेतील पात्र बोलते की नाही, हा दुसरा. काही उदाहरणांवरून या भेदाचा उपयोग स्पष्ट होईल.

मार्सोच्या एका प्रसिद्ध एकपात्री प्रयोगात न्यायालयाचे दृश्य आहे. अभियोक्ता, बचावाचा वकील, न्यायाधीश या सर्व भूमिका तोच करतो. ही पात्रे कथावस्तूच्या पातळीवर मुळीच मूक नाहीत. उलट वाक्पटुत्व हाच त्यांचा धंदा आहे. आवाज वगळल्यामुळे वक्तृत्वाची केवळ अंगविक्षेपांची चौकट उरते आणि तिच्यातून न्यायदानाचा उपहास निष्पन्न होतो. येथे प्रयोग मूक आहे, पात्रे वाचाळ आहेत.

कथकळीत स्थिती निराळी आहे. नट संवाद उच्चारत नाही. पण पदे मागे उभे असलेले गायक गातात आणि नट त्यांचा अर्थ मुद्रांनी उलगडतो. जेथे गायन थांबते आणि नट स्वतःच्या कल्पनेने आख्यान वाढवतो, तेथेही मुद्रांची व्यवस्था शब्दार्थांशी बांधलेली असते. प्रयोगात वाणी आहे. ती फक्त नटाच्या मुखात नाही. महाराष्ट्रातील संगीत बारीत एकीने लावणी गावी आणि दुसरीने तिच्यावर अदा करावी, अशी विभागणी होते, तेव्हा तत्त्व हेच असते. रोमच्या पँटोमिमुसचे नाते मार्सोपेक्षा या परंपरांशी अधिक जवळचे आहे. या सर्वांना 'मूकाभिनय' म्हटले की, गायनाचा निम्मा प्रयोग विवेचनातून गळतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात सापडते. अभिरूप न्यायालयाचा खेळ बेणारेच्या अंगावर उलटतो आणि सदैव बोलणारी, हसणारी बेणारे क्रमाने निःशब्द होत जाते. अखेरीस तिला निवेदनासाठी केवळ दहा सेकंद दिले जातात. त्या अवधीत तिचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात. इतर पात्रे स्तब्ध असतात आणि त्यांच्या लेखी ती काहीही बोललेली नाही. म्हणजे प्रयोगाच्या पातळीवर नाटकातील सर्वांत दीर्घ भाषण आणि कथावस्तूच्या पातळीवर संपूर्ण मूकपण, असा हा संयोग आहे. मार्सोच्या न्यायालयात वाचाळ पात्रे मूक प्रयोगात अडकतात. तेंडुलकरांच्या न्यायालयात मूक केलेल्या पात्राला प्रयोग वाणी देतो. मूकपणाचा विचार नटाच्या ओठांपुरता मर्यादित ठेवला तर ही समांतरता दृष्टीस पडणार नाही.

बेणारेची भूमिका प्रथम करणाऱ्या सुलभा देशपांडे यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत एक जर्मन नाटक केले, तेव्हा दोन्ही पातळ्यांवरील मूकपण एकत्र आले. फ्रान्झ झेव्हर क्रोएट्झच्या 'वुन्शकॉन्झर्ट' (प्रथम प्रयोग १९७३) या नाटकात एकटी राहणारी नोकरदार स्त्री संध्याकाळी घरी येते, आवरासावर करते, जेवते, रेडिओवरील श्रोत्यांच्या पसंतीच्या गाण्यांचा कार्यक्रम ऐकते, झोपण्याची तयारी करते आणि अखेर गोळ्या घेते. ती एक शब्दही बोलत नाही. रुस्तम भरुचा आणि मानुएल ल्यूटगेनहॉर्स्ट यांच्या उपक्रमात हे नाटक कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तेथील जीवनपद्धतीनुसार उभे करण्यात आले. याला मूकाभिनय म्हणता येईल काय? येथे एकही वस्तू काल्पनिक नाही. ताट खरे, पाणी खरे. एकाही हावभावाचा उद्देश काही सांगणे हा नाही, कारण सांगायला समोर कोणी नाही. रंगमंचावर शब्दही आहेत, पण ते रेडिओचे. निवेदक बोलतो आणि ही स्त्री ऐकते. तिचे न बोलणे ही कलावंताने निवडलेली शैली नसून त्या आयुष्याची परिस्थिती आहे. येथे 'मूक' शब्दाचा अर्थ पिएरोपेक्षा 'मूकनायक'मधील मूकाच्या जवळ जातो. अशा नाटकाला देहबोलीच्या नैपुण्याचे निकष लावणारी समीक्षा नटीच्या कौशल्याचे कौतुक करील आणि त्या स्त्रीला दुसऱ्यांदा मुके करील.

६

संज्ञेच्या सैल वापराचा परिणाम रंगभूमीपुरता राहत नाही. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेला 'एक प्रकारचा मूकाभिनय' म्हणण्याची सवय सुशिक्षितांतही आढळते. या समजुतीला फार मोठी किंमत द्यावी लागली आहे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला आणि त्यानंतर अनेक देशांतील शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. हातवारे म्हणजे भाषा नव्हे, हे गृहीतक त्या निर्णयामागे होते. विल्यम स्टोको याने १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रत्येक संकेत हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल अशा मर्यादित घटकांच्या संयोगातून सिद्ध होतो, हे त्याने दाखवले. ही रचना बोलल्या जाणाऱ्या भाषेतील वर्णव्यवस्थेशी तुल्य आहे. भारतातही २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले.

चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर माइममधील चिन्ह सादृश्यावर उभे असते. नटाने अदृश्य भिंत चाचपली की, कोणत्याही देशातील प्रेक्षकाला ती पूर्वशिक्षणाविना जाणवते. सांकेतिक भाषेतील चिन्ह काही वेळा सादृश्यातून जन्मले असले तरी ते संकेताने स्थिर झालेले असते आणि व्याकरणात गुंफलेले असते. म्हणूनच एका देशाची सांकेतिक भाषा दुसऱ्या देशातील कर्णबधिराला आपोआप कळत नाही. कथकळीची मुद्राव्यवस्था या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे : सादृश्य आणि संकेत या दोन्हींचा आश्रय घेणारी, परंतु शिकल्याशिवाय पूर्ण न उमगणारी. या तीन भिन्न चिन्हव्यवस्थांना 'मूक' या एका विशेषणाखाली आणणे म्हणजे मुखाने उच्चारली जाते तीच भाषा, हा पूर्वग्रह संज्ञेच्या रूपाने पक्का करणे होय.

७

यावरून 'मूकाभिनय' ही संज्ञा टाकून द्यावी, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. रूढ संज्ञा आदेशाने बदलत नाहीत आणि बंगालीतही हाच शब्द या कलेसाठी दृढ झालेला आहे. मात्र तिच्या वापराला सीमा घालता येतील. जेथे वाणीचा त्याग हा प्रयोगाचा स्वीकृत नियम असतो आणि अनुपस्थित सृष्टी देहाच्या क्रियेतून निर्माण होते, त्या कलेपुरतीच ही संज्ञा ठेवावी. गायनाच्या साथीने अर्थ उलगडणाऱ्या परंपरांसाठी 'आंगिक' हा जुना शब्द पुरेसा आहे; पदाभिनय किंवा अदा हे त्याचे विशेष होत. ज्या नाटकात पात्रांचे न बोलणे हाच आशय असतो त्याला 'निःशब्द नाटक' म्हणावे. सांकेतिक भाषेला भाषाच म्हणावे.

या वर्गीकरणाहूनही अगत्याची गोष्ट अशी की, अबोल प्रयोगाचे विवेचन करताना समीक्षेने दोन प्रश्न आधी विचारावेत. वाणी कोणत्या पातळीवर अनुपस्थित आहे, आणि ती कोणी वगळली आहे : कलावंताने, कायद्याने की समाजाने? मौन ही कलावंताची मिळकत असते. मूकपण हे पुष्कळदा दुसऱ्याने केलेले हरण असते. रंगभूमीवर ही दोन्ही एकाच मिटलेल्या ओठांनी दाखवली जातात, म्हणून त्यांच्यातला भेद ओळखण्याची जबाबदारी समीक्षेच्या भाषेवर येऊन पडते.